वेळेचा रकाना

आमच्या कंपनीत थोडक्यात वाचलेल्यांची एक फाइल आहे.
निळी. माझ्या ताब्यात.
जिवावरचं बोटावर निभावलं की ड्रायव्हरनं फॉर्म भरायचा:
नाव, ट्रकचा नंबर, जागा, वेळ,
आणि काय होता होता राहिलं.

सहसा कुणी भरत नाही.
भरणाऱ्याकडे फोरमन असा बघतो
की अपघात तर केलाच नाहीस, वर अर्ज करतोस?
गुलरेझ खान म्हणतो, जे झालंच नाही
त्याची पावती कशाला फाडायची, साहेब.
रास अल खैमाचे डोंगर फोडून
रात्रंदिवस खडी बंदराकडे चाललेली असते.
एवढ्या दगडांत एखादी हुकलेली धडक कोण मोजणार?

तुलबहादुर मोजायचा.
त्याचे तीन फॉर्म आले, थंडीच्या तीन महिन्यांत,
देवनागरीत लिहिलेले, म्हणून थेट माझ्या टेबलावर.
तोडकीमोडकी हिंदी, अक्षर मात्र शाळेतल्या फळ्यासारखं:
सिमेंट कारखान्याजवळ, यू-टर्नला,
फूल के पीछे गाडी नहीं दिखता.
वेळ: पाच चाळीस.
पुन्हा पाच चाळीस.
मग पाच पन्नास, धुकं.

मी तिन्हींवर शिक्का मारला.
इजा नाही, नुकसान नाही, बंद.
पहिल्याच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं गंमतही केली होती:
काळ आला होता, पण वेळ आली नव्हती.
जेवताना सगळ्यांना ऐकवली.
शाजीला हिंदीत समजावून सांगितली, तर मजा गेली.

मग फेब्रुवारीत इस्माईल चौगुले, मूळचा बाणकोटचा,
त्याच यू-टर्नला वळला
आणि बोगनवेलीतून एक पिकअप निघाली.
म्हणजे ती रस्त्यावरूनच आली, सरळ, आपल्या लेनमधून.
निघाली असं फक्त इस्माईलला दिसलं.

पोलीस तरुण होता, अदबीनं बोलणारा,
कपड्यांना उदाचा वास.
फोटो काढले, पट्टी धरून टायरच्या खुणा मोजल्या.
वळणाऱ्यानं थांबायचं असतं.
नियम सरळ आहे, मला मान्य आहे,
इस्माईललाही मान्य होता.
म्हणाला, वळलो मी, तर चूक माझीच ना.
त्याला लाल कागद.
पिकअपवाल्याला हिरवा, तो त्याच्या भावानं घेतला,
कारण तो स्ट्रेचरवर होता,
आणि त्याचा उजवा गुडघा
त्या सकाळपासून वाकायचा थांबला.

तिसऱ्या रंगाचा कागद त्या पोलिसाकडे नव्हता.
असता तर मी हात पुढे केला असता,
असं मी आता म्हणतोय.
तेव्हा मी इस्माईलला पाण्याची बाटली देत होतो
आणि झाकण उघडत नव्हतं.

बोगनवेल दुसऱ्याच दिवशी छाटली, गुडघ्याएवढी.
(शब्द सुचला तो हाच. राहू दे.)
त्यासाठी एक फोन पुरला.
नंबर फॉर्मच्या तळाशी छापलेला आहे,
बारीक अक्षरात, पहिल्यापासून.

काल उशिरापर्यंत ऑफिसात बसून
मी एक कोरा फॉर्म घेतला.
नाव लिहिलं, माझं.
ट्रकचा नंबर: लागू नाही.
जागा: दुसरा ड्रॉवर, डावीकडे.
वेळेपाशी बराच वेळ थांबलो.
मग लिहिलं: आली होती. तीनदा.
हस्ताक्षर चांगलं होतं, तरी ओळखली नाही.
चूक कोणाची, हा रकाना आमच्या फॉर्मवर नाही.
तो मुद्दाम ठेवलेला नाही, माणसं मोकळेपणानं लिहावीत म्हणून.
मीच ट्रेनिंगमध्ये सांगतो हे, स्लाइड नंबर सात.

शिक्का मारला नाही.
फाइल अजून टेबलावरच आहे.

रात्री बाणकोटहून इस्माईलचा फोन आला.
व्हिसा संपवून गेला त्याला पाच आठवडे झाले.
घरात पाहुणे असावेत, मागे भांड्यांचा आवाज.
इकडचं तिकडचं झालं, तुलबहादुर कसा आहे वगैरे.
मग म्हणाला, ती वेल कापली का रे?
कापली, म्हटलं.
थोडा वेळ फक्त भांडी.
बहरली होती खूप, म्हणाला.